तंबाखू-नियमनाचे शास्त्र आणि त्यातील नवसंशोधकांची घडण : एक परीक्षण

१

बहुतेक शास्त्रे जिज्ञासेतून जन्मास येतात व कायदा मागाहून त्यांच्याकडे वळतो. तंबाखू-नियमनाच्या शास्त्राचा क्रम याच्या उलट आहे. येथे प्रथम कायदा आला, कायद्याने प्रश्न उपस्थित केले, आणि त्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकतील अशा अभ्यासकांची निपज करण्याचे कार्य त्यानंतर हाती घेण्यात आले. या शास्त्रातील तरुण संशोधकांच्या शिक्षणाचा विचार करावयाचा तर त्याचे हे कुळ प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कारण त्याच्या शिक्षणपद्धतीचे गुण आणि दोष हे दोन्ही याच कुळातून उतरलेले आहेत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये सिगारेटवर आपला अधिकार सांगितला होता. २१ मार्च २००० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने तो अमान्य केला. काँग्रेसने असा अधिकार प्रशासनास दिलेलाच नाही, असा तो निर्णय होता. पुढे २२ जून २००९ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी होऊन तंबाखू-नियंत्रणाचा कायदा अस्तित्वात आला व प्रशासनास तो अधिकार प्राप्त झाला. २०१६ मध्ये नियमाद्वारे इलेक्ट्रॉनिक सिगारेट व इतर पदार्थही त्याच्या कक्षेत आणले गेले. अधिकार मिळाला, परंतु तो वापरण्यासाठी लागणारे ज्ञान तयार नव्हते. तोपर्यंतचे बरेचसे सार्वजनिक संशोधन तंबाखूमुळे होणारे रोग आणि व्यसनमुक्ती यांभोवती फिरत होते. सिगारेटच्या घडणीचे सूक्ष्म ज्ञान मुख्यतः कारखानदारांच्या प्रयोगशाळांत साठलेले होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून निरनिराळ्या विद्यापीठांतून चौदा केंद्रे स्थापन केली. २०१८ च्या दुसऱ्या फेरीत अशी केंद्रे नऊ होती, आणि २०२३ च्या तिसऱ्या फेरीत सात. संशोधनाबरोबरच नव्या अभ्यासकांची घडण हेही या केंद्रांचे नियत कार्य मानले गेले, व त्यासाठी कारकीर्द-संवर्धनाचा एक स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. प्रस्तुत परीक्षणाचा विषय हाच विभाग, किंबहुना त्याच्या मुळाशी असलेली शिष्य घडविण्याची कल्पना, हा आहे.

२

या कल्पनेचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. औषधाच्या बाबतीत नियामकाचा प्रश्न सरळ असतो: ते सुरक्षित आहे काय, आणि गुणकारी आहे काय? तंबाखूच्या बाबतीत हा प्रश्न विचारताच येत नाही; कारण त्याचे उत्तर आधीच नकारार्थी आहे. म्हणून २००९ च्या कायद्याने निराळी कसोटी घातली. एखादा नवा पदार्थ बाजारात येऊ देणे ‘लोकारोग्याच्या रक्षणास उचित’ आहे किंवा नाही, हे संपूर्ण लोकसंख्येचा विचार करून ठरवावे. जे आज तंबाखू घेतात त्यांपैकी किती जण या पदार्थामुळे ती सोडतील, आणि जे घेत नाहीत त्यांपैकी किती जण याच पदार्थामुळे ती सुरू करतील, या दोन्ही शक्यता तोलाव्यात, असा त्याचा आशय आहे.

हे तोलणे कोणत्याही एका शास्त्राच्या आवाक्यातील नाही. धुरातील घटकद्रव्ये रसायनज्ञाने मोजावयाची, शरीरावरील परिणाम विषशास्त्रज्ञाने पाहावयाचा, सवयीचे बळ मानसशास्त्रज्ञाने अजमावावयाचे, जाहिरातीचा प्रभाव समाजशास्त्रज्ञाने तपासावयाचा आणि या सर्वांचा मेळ संख्याशास्त्रज्ञाने घालावयाचा. म्हणून या केंद्रांत एका तरुण संशोधकास एकच मार्गदर्शक असावा असा आग्रह नसतो. भिन्न विषयांतील दोघेतिघे जण त्याच्या पाठीशी असतात. आपल्याकडे विद्यापीठीय व्यवहारात ‘गाइड’ हा शब्द रूढ आहे. त्यातून प्रबंध पुरा करवून घेणारी एक व्यक्ती एवढाच बोध होतो. ‘मेंटर’ या संज्ञेत याहून अधिक काही अभिप्रेत आहे: शिष्याच्या प्रबंधापलीकडे त्याच्या वाटचालीची चिंता वाहणारा पाठीराखा. हा भेद नुसता शब्दांचा नाही. प्रबंधाचा मार्गदर्शक विषयाशी बांधलेला असतो, पाठीराखा व्यक्तीशी. विषय बदलत राहणाऱ्या, कायद्याच्या चालीने चालणाऱ्या शास्त्रात दुसऱ्या प्रकारच्या गुरूची गरज अधिक, हे या केंद्रांनी ओळखले.

त्यांच्या शिक्षणक्रमातील आणखी एक अंग विशेष उल्लेखनीय आहे. प्रस्तावित नियम सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाला, की त्यावर कोणासही लेखी अभिप्राय पाठविता येतो, व प्रशासनास महत्त्वाच्या आक्षेपांची दखल घ्यावी लागते. असे अभिप्राय कसे लिहावेत हे नवसंशोधकांना शिकविले जाते. संशोधनपत्रिकेतील निबंध समव्यवसायींसाठी असतो. हा अभिप्राय मात्र निर्णय घेणाऱ्यासाठी असतो, आणि पुढे न्यायालयात त्याची छाननी होण्याचा संभव असतो. प्रत्येक वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे याचे भान राखावयास लावणारे याहून कठोर लेखनशिक्षण क्वचितच आढळेल.

३

तथापि या घडणीत तीन उणिवा दिसून येतात. पहिली काळासंबंधीची आहे.

नियमनाचा काळ आणि संशोधकाच्या उमेदवारीचा काळ यांचे मान जुळत नाही. मेन्थॉलचेच उदाहरण घ्यावे. २००९ च्या कायद्याने सिगारेटमधील फळांचे, मसाल्यांचे व तत्सम विशिष्ट स्वाद निषिद्ध ठरविले, पण मेन्थॉल वगळला. मार्च २०११ मध्ये प्रशासनाच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने मेन्थॉल सिगारेट बाजारातून गेल्यास लोकारोग्यास लाभ होईल असा निष्कर्ष दिला. प्रत्यक्ष बंदीचा नियम प्रस्तावित होण्यास २०२२ साल उजाडले. आणि जानेवारी २०२५ मध्ये तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. २०११ मध्ये या विषयावर पीएच.डी.चे काम आरंभणारा विद्यार्थी २०२५ पर्यंत स्वतः प्राध्यापक होऊन शिष्यांना मार्गदर्शन करण्याच्या वयास पोचला असेल. परंतु ज्या निर्णयासाठी त्याने पुरावा जमविला तो निर्णय झालेलाच नाही. वेष्टणावरील चित्रमय इशाऱ्यांची कथाही अशीच आहे. कायद्याने ते २००९ मध्येच आवश्यक ठरविले. २०११ चा नियम अपील न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. २०२० मध्ये अकरा नव्या इशाऱ्यांचा दुसरा नियम झाला, आणि तोही न्यायालयीन वादांत सापडला.

अशा स्थितीत ‘तुमच्या संशोधनातून धोरण घडते’ हे वाक्य नवसंशोधकास वारंवार ऐकविणे हे त्याला उत्साह देणारे असले तरी पूर्ण सत्य नव्हे. धोरण पुराव्यातून घडते, तसेच ते निवडणुकांतून, न्यायालयांतून आणि अर्थसंकल्पातूनही घडते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यात मोठी कर्मचारी-कपात झाली. तंबाखू-नियमनाचे काम पाहणाऱ्या शाखेसही तिची झळ लागली व तिच्या संचालकास पदावरून दूर व्हावे लागले. ज्या नियामकाच्या प्रश्नांसाठी एक पिढी तयार केली, तो नियामकच दुबळा झाला तर त्या पिढीने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शिक्षणक्रमात आधीपासून असावयास हवे. निर्णयाची वाट पाहणाऱ्या पुराव्याचे मोल निर्णयावर अवलंबून नसते, तो पुरावा पुढील न्यायालयासाठी, पुढील सभागृहासाठी आणि दुसऱ्या देशासाठीही टिकून राहतो, हे पटवून देणे हे पाठीराख्याचे पहिले कर्तव्य आहे.

४

दुसरी उणीव प्रश्नांच्या निवडीसंबंधीची आहे, आणि ती समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे.

तरुण शास्त्रज्ञांना आश्रय देण्याचे महत्त्व सरकारपूर्वी कारखानदारांनी ओळखले होते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाचा पुरावा पुढे येताच ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांतून एक निवेदन प्रसिद्ध केले व संशोधनासाठी एक समिती स्थापन केल्याचे घोषित केले. पुढे १९६४ पासून ही समिती तंबाखू-संशोधन परिषद या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने अनेक नामवंत प्रयोगशाळांना अनुदाने दिली. त्यांतील पुष्कळ संशोधन शास्त्रदृष्ट्या निर्दोष होते. दोष होता तो प्रश्नांच्या निवडीत. कर्करोगाची इतर कारणे कोणती, याचा शोध उदंड झाला. सिगारेट हे कारण आहे काय, हा प्रश्न मात्र सतत ‘अद्याप अनिर्णित’ राहील अशी व्यवस्था झाली. १९९८ च्या समझोत्यान्वये ही परिषद विसर्जित करावी लागली. आणि १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी आपल्या विस्तृत निकालपत्रात कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केल्याचा निर्णय दिला. असत्य न बोलताही दिशाभूल करता येते. त्यासाठी कोणता प्रश्न विचारावयाचा एवढे ठरविण्याचा अधिकार हाती असला की पुरते, हा या इतिहासाचा धडा आहे.

नव्या केंद्रांना मिळणारा पैसाही अंतिमतः तंबाखूच्या व्यवसायातूनच येतो. कायद्यानुसार उत्पादकांकडून शुल्क वसूल केले जाते. २०१९ या आर्थिक वर्षापासून त्याची वार्षिक रक्कम ७१ कोटी २० लक्ष डॉलर ठरलेली आहे. एवढ्यावरून ही केंद्रे आणि जुनी परिषद यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. देणगी आणि शुल्क यांत मोठे अंतर आहे: देणगी देणारा प्रश्न निवडतो, शुल्क भरणाऱ्यास प्रश्नाच्या निवडीत स्थान नसते. परंतु येथे निवड मुक्त आहे असेही नव्हे. ती नियामकाच्या हाती आहे, आणि नियामक स्वतः कायद्याने बांधलेला आहे. तंबाखूवर कर बसविणे त्याच्या अधिकारात नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान-बंदी करणे नाही. सर्व सिगारेटवर सरसकट बंदी घालणे नाही. म्हणून या निधीतून होणारे संशोधन पदार्थ, वेष्टण, जाहिरात आणि विक्री यांच्या आसपास फिरते. तंबाखूचा खप कमी करण्यात करवाढीचा वाटा मोठा आहे हे सर्वमान्य असूनही ती या शास्त्राच्या सीमेवर उभी राहते.

या मर्यादेचा एक बोलका नमुना निकोटिनच्या प्रमाणासंबंधी दिसतो. निकोटिन शून्यावर आणण्यास कायद्याची मनाई आहे. ते कमी करण्यास नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रशासनाने दर ग्रॅम तंबाखूमागे ०.७ मिलिग्रॅम ही मर्यादा प्रस्तावित केली, म्हणजे व्यसन जडविण्यास किंवा टिकविण्यास अपुरे ठरावे इतके निकोटिन. शून्य आणि शून्याच्या निकटचे प्रमाण यांमधील या चिंचोळ्या जागेत एक संपूर्ण संशोधनशाखा वाढली आहे. ही जागा निसर्गाने आखलेली नाही, एका कलमातील एका शब्दाने आखलेली आहे. नवसंशोधक आपल्या प्रश्नाची सीमा निसर्गाची समजतो की शब्दाची, यावर त्याच्या बुद्धीचे स्वातंत्र्य अवलंबून आहे. प्रत्येक उमेदवाराने आपल्या विषयाबरोबरच, त्या विषयाच्या शेजारी असूनही अनुदानाच्या कक्षेबाहेर राहिलेला एक प्रश्न लेखी मांडावा, एवढा एक नियम केला तरी ही जाणीव जिवंत राहील.

५

तिसरी उणीव सर्वांत गंभीर, आणि भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. या शास्त्राचे कितीतरी प्रश्न शब्दार्थाचे प्रश्न आहेत. परंतु त्याच्या शिक्षणात शब्दार्थाच्या अभ्यासास स्वतंत्र स्थान नाही.

‘लाइट’ या शब्दाचा इतिहास येथे पुरेसा आहे. १९६७ पासून अमेरिकेत सिगारेटमधील टार व निकोटिन यंत्राने मोजले जाऊ लागले. यंत्र दर मिनिटास एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेई. कारखानदारांनी फिल्टरभोवती सूक्ष्म छिद्रे ठेवली. त्यांतून हवा मिसळून यंत्रास विरळ धूर मिळे व आकडा खाली येई. ओढणाऱ्याची बोटे आणि ओठ मात्र ती छिद्रे झाकीत, आणि निकोटिनची ओढ भागविण्यासाठी तो झुरकाही खोल घेई. आकडा खरा होता, मोजमाप बिनचूक होते. खोटा होता तो त्यावर लावलेला शब्द. ‘लाइट’ म्हणजे यंत्राच्या मापात कमी, असा कारखानदाराचा अर्थ. ‘लाइट’ म्हणजे अपाय कमी, असा ग्राहकाचा. ही जुनी मापनपद्धती ज्या मार्गदर्शक सूचनेवर उभी होती ती व्यापार आयोगाने २००८ मध्ये मागे घेतली, आणि २२ जून २०१० पासून ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो’ हे शब्द वेष्टणावरून काढावे लागले.

त्यानंतर जे घडले ते आपल्या साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटणार नाही. शब्द गेले, रंग आले. ‘मार्लबरो लाइट्स’चे ‘मार्लबरो गोल्ड’ झाले, आणि ग्राहकाने फिकट रंगाच्या वेष्टणावरून जुनाच अर्थ घेणे चालू ठेवले. शब्दाच्या तीन शक्ती आपल्या परंपरेने सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. कायद्याने अभिधेवर बंदी घातली. व्यापार व्यंजनेकडे वळला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला तो काव्याच्या संदर्भात. परंतु उच्चारल्यावाचून सांगितलेला अर्थ हाच अधिक प्रभावी ठरतो, हे त्यातील निरीक्षण वेष्टणाच्या रंगासही लागू पडते. म्हणून केवळ शब्दांची यादी करून त्यांना मनाई करणारे नियमन सदैव एक पाऊल मागे राहते.

‘नॅचरल’ या शब्दाची गत याच प्रकारची झाली. एका सिगारेटच्या जाहिरातीतील ‘नॅचरल’ व ‘अॅडिटिव्ह-फ्री’ या विशेषणांबद्दल प्रशासनाने २०१५ मध्ये ताकीद दिली. २०१७ मध्ये तडजोड होऊन ती विशेषणे जाहिरातीतून गेली, परंतु छापाच्या नावात ‘नॅचरल’ हा शब्द कायम राहिला. विशेषण म्हणून जो शब्द फसवा ठरतो तोच विशेषनाम झाला की निरुपद्रवी होतो काय? व्याकरणाचा कोणताही विद्यार्थी सांगेल की विशेषनाम अर्थशून्य असते हे तर्कशास्त्रातील मत झाले. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ पदाचा अर्थ जागाच असतो. तसेच जुलै २०२० मध्ये तापवून वापरावयाच्या एका तंबाखू-उत्पादनास, पूर्णपणे त्याकडे वळल्यास अपायकारक रसायनांशी शरीराचा ‘संपर्क’ घटतो, एवढेच म्हणण्याची परवानगी मिळाली. ‘धोका’ घटतो असे म्हणण्याची नाही. कायद्याच्या दृष्टीने हे दोन निराळे प्रकार आहेत. सामान्य वाचक पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान करतो किंवा नाही, हा प्रयोगाने सोडविण्याचा, पण मुळात अर्थविचाराचा प्रश्न आहे.

या प्रश्नांवर आज काम होत नाही असे नव्हे. ते पुष्कळ होते. परंतु ते मुख्यतः प्रश्नावल्या आणि चाचण्या यांच्या द्वारे होते, आणि प्रश्नावलीतील भाषा स्वतःच पारदर्शक आहे असे गृहीत धरले जाते. कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहात सर्वांस खुली आहेत. त्यांची संख्या एक कोटी चाळीस लक्षांहून अधिक आहे. शब्द आणि रंग कसे निवडले गेले याचा एवढा विपुल पुरावा अन्य उद्योगाने क्वचितच मागे ठेवला असेल. या संग्रहाचे वाचन हा काही थोड्या जाणकारांचा प्रांत न राहता प्रत्येक उमेदवाराच्या शिक्षणाचा भाग व्हावयास हवा, आणि त्याच्या मार्गदर्शकांत एक जण मजकुराचा अभ्यासक असावयास हवा.

६

हा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. अमेरिकेतील शास्त्र प्रामुख्याने सिगारेट व तिची इलेक्ट्रॉनिक भावंडे यांभोवती घडले. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करीत होते, आणि २४.४ टक्के धूररहित तंबाखू घेत होते. येथील नियमनाचे आधार २००३ च्या कायद्यात आहेत. २०१६ पासून वेष्टणाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापणे आवश्यक झाले. परंतु तंबाखू सुटी विकत घेऊन घरी भाजून मिश्री करणाऱ्या स्त्रीपर्यंत वेष्टणावरील इशारा पोचणार कसा?

येथेही भाषेचा प्रश्न प्रथम उभा राहतो. मराठीत विडी ओढतात, तंबाखू मळतात व खातात, तपकीर ओढतात, आणि मिश्री लावतात. चार पदार्थ, आणि क्रियापदांची ही विविधता. ‘तुम्ही तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास मिश्री लावणाऱ्या स्त्रीने ‘नाही’ असे उत्तर दिले तर ते भाषेच्या दृष्टीने खोटे नाही. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. प्रश्नावली इंग्रजीतून भाषांतरित करून आणणारा संशोधक हे उत्तर संख्येत बदलील, आणि ती संख्या नियमनाचा पाया होईल.

हे भान येथे पूर्वी नव्हते असे मात्र नाही. सांघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्येच मुंबईच्या रुग्णांच्या आधारे तंबाखू ओढणे व चघळणे या दोहोंचा कर्करोगाशी असलेला संबंध स्वतंत्रपणे तपासला. १९७२ मध्ये मेहता, गुप्ता, पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. एक लक्षाहून अधिक माणसांना तोंड उघडून दाखविण्यास राजी करणे आणि त्यांच्या सवयींची त्यांच्याच शब्दांत नोंद घेणे, ही स्वतःच एक शिक्षणशाळा असते. नियमनाच्या शास्त्राचे नावही तेव्हा रूढ नव्हते. पण प्रश्न लोकांच्या व्यवहारातून घ्यावयाचा, कायद्याच्या कलमातून नव्हे, ही त्यांची रीत होती.

अमेरिकेतील केंद्रांनी नवसंशोधकास अनेक मार्गदर्शक दिले, आरंभीचे अनुदान दिले, निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट दाखविली. हे लहान काम नव्हे, आणि आपल्या विद्यापीठांनी ते अनुकरणीय मानावे. परंतु ज्या व्यवसायाने अर्धशतक शब्दांच्या बळावर आकड्यांना नमविले, त्याच्यासमोर केवळ आकडे जाणणारा संशोधक उभा करणे म्हणजे त्यास निःशस्त्र पाठविणे होय. मोजमाप करावयास शिकविणारा गुरू त्याला मिळाला आहे. कायद्याचे कलम, वेष्टणावरील रंग आणि खेड्यातील स्त्रीचे उत्तर ही तीनही सारख्याच दक्षतेने वाचावयास शिकविणारा गुरू अजून मिळावयाचा आहे. आणि तो पुरविण्याची जबाबदारी वैद्यकाच्या विभागांइतकीच भाषेच्या विभागांवरही येते.